पाणी जातंय कुठे, बॉस?

शुक्रवारी दुपारी चारनंतर कुठल्याही ऑफिसात कान देऊन ऐका. अर्धी जनता 'वीकएन्डला कुठे?' या एकाच प्रोजेक्टवर सीरियसली काम करत असते. अलिबाग की दिवेआगर, ताम्हिणी की महाबळेश्वर, गाडी कोणाची, चालवणार कोण, प्लेलिस्ट कोणाची. मग टाकी फुल्ल होते, टायरमधली हवा चेक होते, फास्टॅगचा बॅलन्स बघितला जातो, पुढची काचही चकाचक पुसली जाते. बॉनेट मात्र कोणी उघडत नाही. त्याच्या खाली जे काही आहे ते सर्व्हिस सेंटरवाल्यांचं खासगी आयुष्य आहे, असा आपला एक समज असतो.

तर मंडळी, आज त्याच खासगी आयुष्यात जरा डोकावू या. बॉनेटखाली एका कोपऱ्यात दुधट रंगाची प्लॅस्टिकची बाटली असते. तिच्यावर दोन रेघा असतात, मिनिमम आणि मॅक्सिमम. आत हिरवं, गुलाबी किंवा निळं सरबतासारखं काहीतरी दिसतं. ते म्हणजे कूलंट. अख्ख्या गाडीत फुकटात आणि पाच सेकंदांत चेक करता येण्यासारखी ही गोष्ट, आणि दुर्लक्ष झालं तर इंजिनचा निकाल लावणारीही हीच.

आपल्या आई-बाबांच्या पिढीला हे सांगावं लागत नव्हतं. घाटात गाडी तापणं हा तेव्हा ट्रिपचा ऑफिशियल भाग होता. खंडाळ्याच्या चढावर प्रीमियर पद्मिनी आणि अँबॅसेडर बॉनेट वर करून, तोंडातून वाफा सोडत उभ्या असायच्या. डिकीत पाण्याचा कॅन असायचा. गाडी थंड होईपर्यंत पुरी-भाजीचा डबा उघडला जायचा, पोरांना अमृतांजन पूल दाखवला जायचा. आता तो पूलही नाही, 2020 च्या एप्रिलमध्ये, ऐन लॉकडाउनमध्ये तो पाडला. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही 2023 च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून गेली. आजच्या गाड्या सहसा तापत नाहीत, म्हणून तापणं हा प्रकारच आपण विसरलोय. मागे राहिलीय ती एकच सवय: बाटली रिकामी दिसली की नळाचं पाणी ओतायचं आणि पुढे जायचं. खरा लोचा इथेच आहे.

थोडी सायन्सची बडबड करते, सहन करा. तुम्ही भरलेल्या पेट्रोलमधली साधारण एक तृतीयांश एनर्जीच गाडी पुढे ढकलते. बाकीची उष्णता होते. तिचा मोठा हिस्सा सायलेन्सरमधून बाहेर पडतो, उरलेला बराचसा बाहेर काढायचं काम कूलंटचं. वॉटर पंप ते इंजिनच्या अंगातल्या पोकळ्यांमधून फिरवतो. तापलेलं कूलंट पुढच्या जाळीमागच्या रेडिएटरमध्ये येतं, तिथे हवा त्याला गार करते आणि ते परत आत जातं. मध्ये थर्मोस्टॅट नावाचा एक दरवान बसलेला असतो. त्याच्या पोटात मेण असतं. साधारण 82 ते 90 अंशांना ते वितळून फुगतं आणि रेडिएटरचा रस्ता उघडतो. तोपर्यंत 'आधी इंजिन गरम होऊ दे' म्हणून तो रस्ता बंद ठेवतो.

आणि हे सगळं प्रेशरखाली चालतं, आपल्या कुकरसारखं. रेडिएटरच्या झाकणावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा दिसतो, तो शिट्टीचा आकडा समजा. 0.9 च्या झाकणाखाली साधं पाणीसुद्धा 118-119 अंशांपर्यंत उकळत नाही. कूलंट मिसळलं की ही मर्यादा आणखी वर जाते. म्हणूनच गरम इंजिनचं झाकण उघडायचं नसतं. प्रेशर गेलं की आतलं 110 अंशांचं पाणी त्याच क्षणी वाफ होऊन थेट तुमच्या तोंडावर येतं. बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये हे प्रेशरचं झाकण प्लॅस्टिकच्या बाटलीवरच असतं. त्यामुळे 'मी रेडिएटर कुठे उघडतोय, नुसती बाटली उघडतोय' हे लॉजिक तिथे चालत नाही.

आता मुद्द्याचं. हे सर्किट बंद आहे. पेट्रोल जळतं म्हणून संपतं. वायपरचं पाणी उडवतो म्हणून संपतं. कूलंट कुठेच खर्च होत नाही. वर्षभरात लेव्हल अगदी बोटभर खाली आली तर ठीक. पण दर पंधरा दिवसांनी बाटलीत काही ना काही ओतावं लागत असेल, तर गाडीला तहान लागलेली नाही. तिला कुठेतरी जखम झालीय.

माझ्या एका कॉलेजच्या मैत्रिणीने मागच्या वर्षी सहा वर्षं वापरलेली हॅचबॅक घेतली. पहिली गाडी, स्वतःच्या पैशांची, तीही फक्त 38 हजार किलोमीटर चाललेली. सगळं एकदम झक्कास. सोसायटीत गाड्या धुणारा पोरगा भलताच सिन्सिअर. बॉनेट उघडून पाहायचा आणि बाटली खाली दिसली की बादलीतलं पाणी टाकायचा. "ताई, पाणी टाकलंय," असं सांगायचासुद्धा. हिला वाटायचं, वा, काय काळजी घेतो! चार महिने हे चाललं. पार्किंगमध्ये गाडीखाली एक थेंब नाही, डॅशबोर्डवर एक लाइट नाही, टेन्शन नाही.

मग तो रविवार. अलिबागहून परत येताना पाच जण, डिकी गच्च, एसी फुल्ल. संध्याकाळी एक्स्प्रेसवेच्या घाटात नेहमीचा जॅम. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत गाडी साधारण साडेपाचशे मीटर वर चढते. त्यात कूलिंगच्या दृष्टीने सगळ्यात वाईट कॉम्बिनेशन: चढ म्हणून इंजिनवर लोड, फर्स्ट-सेकंड गिअर म्हणून आरपीएम जास्त, आणि स्पीड नाही म्हणून समोरून हवा नाही. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या अगदी पुढ्यात बसलेला असतो, म्हणजे जी काही हवा मिळते तीही आधीच गरम झालेली. सुई वर चढायला लागली. गाडीतल्या एकाने पाहिलं आणि सांगितलंही. पण उभं कुठे राहणार? मागे ट्रक, बाजूला ट्रक. 'फक्त लोणावळ्यापर्यंत जाऊ' असं ठरलं.

लोणावळा आलं तेव्हा सुई लाल पट्टीच्या पार गेलेली होती आणि इंजिन खडखडत होतं. गाडी टो करून पुण्यात आली. इंजिनचं हेड बेंड झालेलं, हेड गॅस्केट फुटलेलं. हेड काढून मशीन शॉपमध्ये फेसिंगला गेलं, नवं गॅस्केट, नवा वॉटर पंप, ऑइल, कूलंट, लेबर. बिल 42 हजार आणि गाडी अकरा दिवस गॅरेजमध्ये. तेवढे दिवस ही बाई हिंजवडीला शेअर रिक्षा आणि बसने, वर ईएमआय चालूच. मुळात बिघडलं काय होतं? वॉटर पंपाचं सील. पंपाच्या पोटाशी मुद्दाम ठेवलेलं एक बारीक छिद्र असतं. सील गेलं की तिथून थेंब थेंब यायला लागतं, म्हणजे कंपनीने चक्क अलार्म बसवून दिलेला असतो. पण हे थेंब गरम इंजिनवरच वाळून जात होते, जमिनीपर्यंत पोचतच नव्हते. तो पोरगा ओतत होता म्हणून बाटली कायम भरलेली, आणि बाटली भरलेली म्हणून कोणालाच प्रश्न पडला नाही. तीन-चार हजारांचं काम होतं हो.

मी ज्या काकांकडे गाडी दाखवते त्यांच्याकडेच तिची गाडी उघडली. काका बोलतात कमी, पण बोलतात तेव्हा थेट. हेडवरचा गंज आणि पांढरी पापडी नखाने खरवडून दाखवत म्हणाले, "ताई, हे बघा. बोअरचं पाणी."

"पाण्याने एवढं होतं?"

"चार महिने रोज जरा जरा. कूलंट होतं तेही पातळ झालं, पार पाणीच राहिलं. लोक म्हणतात, आम्ही लक्ष ठेवतो, पाणी टाकतो. मी विचारतो, ते जातंय कुठे? त्याचं उत्तर कोणाकडे नसतं."

कूलंट म्हणजे रंगीत पाणी नव्हे, हे एकदा डोक्यात पक्कं बसवायला हवं. त्यात इथिलीन ग्लायकॉल असतं आणि गंज रोखणारी केमिकल्स असतात. आपल्याकडे कितीतरी जणांना ते 'अँटिफ्रीझ' म्हणून माहीत असतं. मग पुण्यात कुठे बर्फ पडतो, असा युक्तिवाद येतो. बर्फाचं सोडा. आजच्या इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं, रेडिएटरची जाळी ॲल्युमिनियमची. जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरने जे सहन केलं ते ही मंडळी करत नाहीत. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यातले क्षार आत बसतात, तुमच्या बाथरूमच्या गिझरमध्ये बसतात तसेच. नळ्या अरुंद होतात, पंपाचं सील खातात. थंडीसाठी नाही, गंजासाठी कूलंट लागतं, आणि गंज पुण्यात भरपूर मिळतो.

मग गेलेलं कूलंट शोधायचं कसं? सकाळी, गाडी रात्रभर उभी राहून पूर्ण गार झालेली असताना बाटलीची लेव्हल बघा. गरम असताना ती वर चढलेली दिसते आणि फसवते. मार्करने तिथे बारीक रेघ मारा आणि तारीख टाका. आठ-दहा दिवसांनी त्याच वेळी परत बघा. खाली गेली असेल तर टॉर्च घेऊन रबरी पाइपांची टोकं आणि क्लिपा पाहा. गळतीच्या जागी कूलंट वाळून पांढरी, हिरवट नाही तर गुलाबी पापडी धरते. पाइप गार असताना दाबून बघा. भेगाळलेला, चिवड्यातल्या पोह्यासारखा कडक झालेला, किंवा उलट पिचपिचीत झालेला पाइप बदलायचा. पावसाळ्यात उंदीर हाही सस्पेक्ट असतो. माझ्या इमारतीतल्या दोन गाड्यांचे पाइप त्यांनी कुरतडलेत. पायाखालचं कार्पेट ओलं, काचेवर आतून चिकट धुकं आणि गाडीत गोडसर वास असेल तर हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय. आणि बाहेर कुठेच काही सापडत नाही, तरी लेव्हल खाली जातेय, इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, ऑइलच्या झाकणाखाली मेयोनीजसारखा थर दिसतोय? मग गॅस्केटमधून ते इंजिनच्या पोटात चाललंय. लांबची ट्रिप कॅन्सल करा आणि गॅरेज गाठा. (थंडीच्या दिवसांत नुसत्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या झाकणाखालीही थोडा पांढरट थर येतो. तेवढ्यावरून लगेच घाबरू नका, धूर आणि लेव्हल यांच्याशी जोडून बघा.) गॅरेजमध्ये प्रेशर टेस्ट करून मागा. रेडिएटरला हातपंप लावून प्रेशर देतात आणि काटा खाली येतो का ते बघतात. अवघ्या काही मिनिटांचं काम.

गॅरेजचं नाव निघालंच आहे तर आपल्याकडच्या दोन फेमस जुगाडांबद्दल बोलायलाच हवं. पहिला: थर्मोस्टॅट काढून टाकणे. "मॅडम, आपल्याकडे एवढी गरमी, हा पार्ट फॉरेनसाठी असतो." हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या गॅरेजेसमध्ये, तीन वेगवेगळ्या लोकांकडून, एकाच आत्मविश्वासाने ऐकलंय. थर्मोस्टॅट काढला की गाडी तापायची थांबल्यासारखी वाटते खरी. पण मग इंजिन नीट गरमच होत नाही. कॉम्प्युटरला वाटतं, अजून थंड आहे, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. ॲव्हरेज पडतं, ऑइलमध्ये पेट्रोल मिसळतं, इंजिन झिजतं. आणि मूळ आजार, म्हणजे गळका पंप किंवा तुंबलेला रेडिएटर, आत तसाच. दुसरा जुगाड: फॅन 'डायरेक्ट' करणे. सेन्सर किंवा रिले गेला की वायर सरळ जोडून फॅन सतत चालू ठेवायचा. घरी पोचण्यापुरतं ठीक. पण तीच व्यवस्था वर्षभर चालवणारे महाभाग आहेत. फॅनची मोटर आणि बॅटरी, दोघांचं आयुष्य त्यात जातं. सेकंडहँड गाडी घेताना म्हणूनच हे तपासा: गार इंजिन सुरू केल्यावर फॅन लगेच फिरायला लागला (एसी बंद असताना), किंवा अर्धा तास चालवूनही सुई तळाशीच, तर विकणाऱ्याला दोन प्रश्न जास्त विचारा.

विकत घेताना रंगावर जाऊ नका. हिरवा म्हणजे अमुक आणि गुलाबी म्हणजे तमुक, असा कुठलाही सगळ्या कंपन्यांना लागू नियम नाही. रंग कंपनीच्या मर्जीचा. मॅन्युअल उघडा (ग्लव्ह बॉक्समध्ये, पेट्रोलच्या बिलांखाली असतं), त्यात लिहिलेल्या टाइपचंच घ्या. डब्यावर आयएस 5759 हा भारतीय स्टँडर्डचा नंबर दिसतो का बघा. 'रेडी टू यूज' असेल तर तसंच ओतायचं. 'कॉन्सन्ट्रेट' असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये, बहुतेक वेळा निम्मं-निम्मं. जास्त दाट म्हणजे जास्त चांगलं, असं नाही. नुसतं कॉन्सन्ट्रेट उष्णता उलट कमी वाहून नेतं. वेगवेगळ्या केमिस्ट्रीची कूलंट्स एकत्र केली तर गंजरोधक केमिकल्स एकमेकांचं काम बिघडवतात, कधी आत गाळही धरतो. बदलायचं कधी, याचं उत्तर पुन्हा मॅन्युअलमध्ये. जुन्या पद्धतीचं कूलंट साधारण दोन वर्षांनी, 'लाँग लाइफ'वालं पाच वर्षं किंवा जास्तही चालतं.

बदलताना समोर उभे राहा. जुनं काढलं, नवं ओतलं, झाकण लावलं, दहा मिनिटांत गाडी तयार, असं झालं तर समजा अर्धंच काम झालं. आत हवेचे बुडबुडे अडकतात. म्हणून हीटर फुल्ल गरमवर ठेवून इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवायचं, एअर काढायची, फॅन एक-दोनदा चालू-बंद होऊ द्यायचा आणि गार झाल्यावर लेव्हल पुन्हा बघायची. काही गाड्यांना त्यासाठी वेगळा स्क्रूच असतो. आणि काढलेलं कूलंट गटारात किंवा जमिनीवर ओतू देऊ नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. गल्लीतली कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोड्याशाने मरतात. घरी उरलेला डबा असेल तर लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा.

रेडिएटरची जाळीही कधीतरी बघा. वर्षभराचे किडे, पानं, प्लॅस्टिकचे तुकडे, कोकणातली लाल माती, सगळं तिथे साठलेलं असतं. साध्या पाइपने हलक्या धारेने धुवायचं. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या दुमडतात आणि हवाच अडते.

आणि घाटात सुई वर चढायलाच लागली तर? एसी बंद. हीटर फुल्ल गरमवर, ब्लोअर फुल्ल, काचा खाली. मे महिन्यात हे वाचायलाही नको वाटतं, पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच आहे, तो इंजिनची थोडी उष्णता तुमच्या अंगावर ओढून घेतो. सुई तरीही वर जातेय, किंवा लाल लाइट लागला, की हॅझर्ड लावून पहिल्या सुरक्षित जागी बाजूला, इंजिन बंद. बऱ्याच नव्या छोट्या गाड्यांमध्ये सुईच नसते. गार असताना निळा आणि तापल्यावर लाल, असे फक्त दिवे असतात. म्हणजे लाल लागला तेव्हा आधीच उशीर झालेला असतो, तिथे 'पुढच्या वळणापर्यंत' हा ऑप्शन नाही. माणसांनी गाडीतून उतरून कठड्याच्या पलीकडे उभं राहायचं. वाफ दिसत असेल तर बॉनेटही लगेच उघडू नका. निदान अर्धा-पाऊण तास थांबा. तापलेल्या इंजिनवर किंवा आत गार पाणी ओतलं तर धातूला तडा जाऊ शकतो. पूर्ण गार झाल्यावर मग बिसलेरी ओतली तरी चालेल, अडीअडचणीला पाणी गुन्हा नाही. फक्त पुण्यात पोचल्यावर सिस्टिम रिकामी करून कूलंट भरा आणि गळती शोधा.

एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. वर चढलेली सुई अचानक धाडकन खाली आली, तर हुश्श करू नका. कूलंट सगळं निघून गेलं की सेन्सर कोरड्या हवेत लटकतो आणि त्याला तापमान कमी दिसतं. इंजिन भाजत असतं आणि सुई म्हणते, ऑल इज वेल. हीटरमधून एकदम गार हवा यायला लागली तर तोही तोच इशारा.

बाइकवाल्यांनी हसू नये. स्प्लेंडर किंवा बुलेट असेल तर ठीक, तुमचं इंजिन हवेवर गार होतं. पण 2008 मध्ये यामाहाची आर-15 आली, मग केटीएम ड्यूक आली, आणि आता रस्त्यावर लिक्विड-कूल्ड बाइक्स भरपूर आहेत. त्यांनाही बाटली आहे, फक्त ती फेअरिंगच्या आड लपलेली असते.

ईव्ही घेतलेला माझा एक मित्र हे सगळं ऐकून भलताच खूश झाला. "आमच्याकडे इंजिनच नाही, बॉस!" त्याची नेक्सॉन ईव्ही. 2020 मध्ये ती आली तेव्हापासून तिची बॅटरी लिक्विड-कूल्ड आहे. शनिवारी सकाळी त्याच्या पार्किंगमध्ये आम्ही बॉनेट उघडलं आणि बाटली निघालीच. तिच्यात नळाचं पाणी तर सोडाच, कंपनीने सांगितलेल्या कूलंटशिवाय दुसरं काहीच घालायचं नाही, हे त्याने मॅन्युअलमध्ये पहिल्यांदाच वाचलं. लेव्हल बरोबर मॅक्सच्या रेघेवर होती, त्यामुळे त्याची कॉलर ताठच राहिली. मार्कर मात्र माझ्या पर्समधून त्यानेच मागून घेतला.